दुसरी उडी

हेज, कॅन्सस
२० फेब्रुवारी २००६

श्री. क्लिफ्टन ममफर्ड यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी रोझेला वासिंगर, माहेरची ड्रायलिंग. अल्विन ड्रायलिंग यांची मुलगी. हे नाव तुम्ही विसरला असाल असं वाटत नाही.

२९ मे १९७१ रोजी हचिन्सनच्या टीव्ही स्टुडिओत तुम्ही माझ्या वडिलांचा डावा पाय मोडलात. शनिवारचा कुस्तीचा कार्यक्रम होता. तुम्ही तेव्हा कर्नल ग्रिगोर होता, रशियन. तुमचं खरं नाव आणि पत्ता मला कार्यक्रमाच्या जुन्या निवेदकाकडून मिळाला. श्री. टिब्स आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. नाव सांगण्याआधी त्यांनी मला तीन वेळा फोन करायला लावला. तुम्ही आर्कन्साचे आहात हे सांगताना ते थोडे हसले.

पपा ऑक्टोबरपासून इथल्या वृद्धाश्रमात आहेत. हृदय थकलं आहे. मला ते कधी त्यांची बहीण समजतात, कधी नर्स. हा उन्हाळा ते पाहतील असं डॉक्टरांना वाटत नाही. गेला महिनाभर ते एकच वाक्य बोलतात. ‘क्लिफला कळू देऊ नका.’ दाराकडे बघत, माझा हात धरून, इतका घट्ट की माझी बोटं पांढरी पडतात. काय कळू द्यायचं नाही ते विचारलं की पुन्हा तेच म्हणतात. क्लिफ कोण हे मला श्री. टिब्स यांच्याकडून कळलं.

म्हणजे पस्तीस वर्षांनंतरही माझे वडील तुम्हाला घाबरतात. आपण कुठे आहोत हे तुम्हाला कळू नये असं त्यांना वाटतं. तरी लिफाफ्यावर मी आमचा पत्ता घातला आहे, कारण तुम्हीही आता म्हातारे झाला असाल.

मला फक्त दोन ओळी हव्यात. ते सगळं संपलं, एवढं लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन. त्यांनी भीत भीत मरू नये, इतकंच.

रोझेला वासिंगर


जोन्सबोरो, आर्कन्सा
१ मार्च

मिसेस वासिंगर,

कर्नल ग्रिगोर माफी मागत नाही. ड्रायलिंगचा पाय पंचासमोर मोडला. वेळ मिळाला असता तर दुसराही मोडला असता. हे त्याला खुशाल वाचून दाखवा.

ज्या ममफर्डला तुम्ही पत्र घातलंत तो कोण, मला ठाऊक नाही. पुन्हा लिहू नका.

कर्नल ग्रिगोर

ता. क. तो नेमकं काय म्हणतो ते शब्द न बदलता कळवा. ‘क्लिफला कळू देऊ नका’ की ‘क्लिफला सांगू नका’? आणि अजून प्रत्येक गोष्टीला मस्टर्ड लावून खातो का?


हेज
६ मार्च

श्री. ममफर्ड,

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. फाडायला घेतलं होतं, पण ठेवून दिलं.

‘कळू देऊ नका’ असं म्हणतात. मस्टर्ड अजून लागतं, अंड्यालासुद्धा. हे तुम्हाला कसं माहीत, ते मी विचारणार नाही. पण तुम्ही काय मोडलंत ते तुम्हाला नीट माहीत असावं, म्हणून लिहिते.

तुमचा कार्यक्रम आमच्याकडे दोन आठवडे उशिरा लागायचा. टेप आधी विचिटाला जायची, मग हेजला, त्यानंतर नेब्रास्काला. त्यामुळे त्या शनिवारी पाय मोडलेले पपा आतल्या खोलीत पलंगावर होते आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर अजून आपल्या पायांनी चालत रिंगमध्ये येत होते. मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, ओरडून त्यांना थांबवता येईल. मी ओरडलेही. आईने मला गप्प केलं.

माझी आजी एरवी तुम्हाला बघून हसायची. तुम्ही मूठ उगारून ‘अर्बूस! अर्बूस!’ अशी गर्जना करायचा. आमच्याकडे कलिंगडाला अर्बूस म्हणतात. आमचे लोक पिढ्यांपूर्वी रशियातून इथे आले ते हा शब्द घेऊन आले. आजी म्हणायची, त्या बिचाऱ्याला कोणी एकदा कलिंगड द्या रे. त्या दिवशी ती हसली नाही.

पपा कुबड्या घेऊन दारात आले. तुम्ही पहिली उडी मारलीत तेव्हा ते बघत राहिले. तुम्ही पुन्हा दोरावर चढलात, तेव्हा त्यांनी पुढे येऊन टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं.

पोटरीची दोन्ही हाडं मोडली होती. विचिटाला दोनदा शस्त्रक्रिया झाली. पाच महिने प्लास्टर होतं. पाय पाऊण इंच आखूड राहिला. गहू त्या वर्षी चर्चमधल्या लोकांनी कापला. तीन वर्षं ते त्याच पायाने कुस्ती खेळले, मग धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसले, एकवीस वर्षं. दर वर्षी डाव्या बुटाला जाड तळवा लावून आणायचं काम माझ्याकडे होतं. अजून आहे. वृद्धाश्रमात ते चालत नाहीत, पण तो बूट नसला तर अस्वस्थ होतात.

आता खुशाल लिहा, दुसराही मोडला असता म्हणून.

रोझेला वासिंगर


जोन्सबोरो
३० मार्च

रोझेला,

तुझं पत्र तीन आठवडे टेबलावर उघडं पडलं आहे. मी बहिणीकडे राहतो. कोण गेलं, असं तिने विचारलं. कोणी नाही म्हटलं.

पाय खरोखर मोडला हे मला ठाऊक नव्हतं.

एवढं एक वाक्य लिहायला इतके दिवस लागले. आता बाकीचं लिहितो. हे बाहेर बोलायचं नाही अशी शपथ आम्हाला कोणी दिली नव्हती, पण दिलेल्या शपथांपेक्षा ही जास्त पाळली. माझी बायको गेली तोवर तिलासुद्धा मी एवढंच सांगत आलो, की आज जिंकलो, आज हरलो.

कुस्त्या ठरलेल्या असायच्या. कोण जिंकणार, कसा, किती मिनिटांत. आता हे सगळ्यांना माहीत आहे, पूर्वेकडच्या मोठ्या कंपनीने सांगूनच टाकलं. आमच्यासारखी गावोगावची लहान दुकानं तिने आधीच गिळली होती. पण तेव्हा वाईट माणूस आणि चांगला माणूस एका गाडीत बसलेले कोणी पाहिले तर दोघांचंही काम जायचं. मी वाईट माणूस होतो. अल्विन चांगला. म्हणून आम्ही हचिन्सनच्या बाहेर, मिठाच्या खाणीमागच्या रस्त्यावर भेटायचो. त्याच्या गाडीत बसून जेवायचो. तुझी आई कोबी-खिम्याचे पाव बांधून द्यायची. तो त्यांवरही मस्टर्ड थापायचा. गाडीत आरशाजवळ तुझा फोटो होता, पुढचे दोन दात नसलेला.

‘अर्बूस’ त्यानेच शिकवला. आमच्या रशियन आज्या शत्रूला असं म्हणायच्या, म्हणाला. अर्थ मृत्यू. तीन वर्षं मी अख्ख्या कॅन्ससला कलिंगडाची धमकी देत होतो, हेही मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

जूनमध्ये गहू कापायला यायचा आणि आमचा मालक सुट्टी देत नसे. टीव्हीवर पाय मोडला तर अल्विनला सहा आठवडे घरी बसता आलं असतं. खोटं प्लास्टर घालून ट्रॅक्टर चालवायचा, गावातलं कोणी दिसलं की लंगडायचं. आम्ही सगळेच असं करायचो. टेप शेवटच्या गावाला पोचेपर्यंत दुखणं सांभाळावं लागायचं. कल्पना माझी होती. अल्विन नको म्हणत होता. मीच म्हटलं, अरे, घरच्या गव्हासाठी एवढं करायला काय हरकत आहे.

त्याचा पाय लोखंडी खुर्चीत अडकवायचा आणि मी दोरावरून उडी मारायची. वजन खुर्चीच्या कडेवर घ्यायचं, पायावर नाही. त्याने ओरडायचं. एक उडी ठरली होती.

तो असा ओरडला की बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. खरं सांगतो, मला हेवा वाटला. हा कधी शिकला असं ओरडायला, म्हटलं. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाने बोट फिरवलं. आणखी एकदा.

आमच्या धंद्यात एक खूण असते. समोरच्याला खरंच लागलं का हे विचारायचं असेल तर त्याचा हात धरायचा. त्याने घट्ट दाबला तर थांबायचं. हलका ठेवला, पाखरू धरावं तसा, तर ठीक आहे, चालू दे. मी वाकलो, गळा आवळतोय असं दाखवलं आणि त्याचा हात धरला.

हात हलका होता.

मी दुसरी उडी मारली.

पुढचं तुला माहीत आहे. मला जे माहीत होतं ते असं. अल्विन घरी आहे, गहू कापतोय, मजेत आहे. वाईट माणसाला इस्पितळात जाता येत नाही, फोन करता येत नाही, गावात टेलिफोनच्या एका तारेवर दहा घरं ऐकायची. सहा आठवड्यांचे पाच महिने झाले, तेव्हा वाटलं, शेतातच रमला. नोव्हेंबरात तो परत आला तेव्हा लंगडत होता. मला वाटलं, जरा जास्तच सांभाळतोय. एकदा ग्रँड आयलंडला, कपडे बदलायच्या खोलीत, दार लावलेलं होतं, मी म्हटलं, ‘अल्विन, सोड ना आता. इथे कोण बघतंय?’

तो म्हणाला, ‘सवय झाली रे, क्लिफ.’ आणि हसला.

मीही हसलो.

तो मला घाबरत नाही, रोझेला. या धंद्यात एक माणूस आपलं शरीर दुसऱ्याच्या हातात देतो. ज्याने एकदा खरं हाड मोडलं, त्याच्या हातात पुन्हा कोणी देत नाही. आणि दिलं तरी दोरावर चढायचा त्याला स्वतःलाच धीर होत नाही. मी असे दोघे पाहिले आहेत. मला कळलं असतं तर माझी कुस्ती त्या दिवशी संपली असती. त्यानंतर मी अकरा वर्षं खेळलो. टेनेसी, ओरेगॉन, पुन्हा टेनेसी. ती अकरा वर्षं त्याने दिली. लोकांना आपलं गुपित कळू नये म्हणून आम्ही जन्मभर धडपडलो. याने मात्र ते माझ्यापासूनच लपवलं.

आता एकच गोष्ट मला कुरतडते. दुसऱ्या उडीत मोडला असेल तर मी मोडला. पहिल्यातच मोडला असेल, तर मोडक्या पायाने त्याने मला ठीक आहे म्हणून सांगितलं. दोन्हींत माझीच उडी आहे. तरी दोन्ही एक नाहीत.

टेप कुठे शिल्लक असेल तर बघ. तिच्यात त्याचा हात दिसेल.

आणि मला यायचं आहे. त्याचे दिवस संपायच्या आत. तू येऊ देशील तर.

क्लिफ ममफर्ड


हेज
८ एप्रिल

श्री. ममफर्ड,

आई त्या डब्यात नेहमी सहा पाव ठेवायची. मला वाटायचं पपांना भूक फार. दुकानात बायका रशियनाला शिव्या द्यायच्या तेव्हा आई मान हलवायची, आणि घरी आल्यावर सहा पाव बांधायची. ती बारा वर्षांपूर्वी गेली. तिनेही मला काही सांगितलं नाही. एका घरात दोन माणसं एवढं लपवू शकतात, आणि मी तिसरी त्याच टेबलावर जेवत होते.

तुमच्यावरचा राग आता कुठे ठेवू ते कळत नाही. पस्तीस वर्षं त्याची जागा ठरलेली होती.

टेपसाठी मी हचिन्सनला जाऊन आले. स्टेशन आता दुसऱ्या मालकाचं आहे. तिथल्या एका बाईने सांगितलं, तेव्हा टेप महाग असायच्या, शेवटच्या गावाहून परत आल्या की त्यांच्यावरच पुढचं काही घ्यायचे. कपाटात अशी एक सापडली. वर तुमच्या कार्यक्रमाचं नाव, ते खोडून खाली ‘धान्याचे भाव’. तिने यंत्रावर लावून दाखवली. एक माणूस मक्याचा भाव सांगत होता. मी अर्धा तास बसून पाहिलं. उगाच.

तेव्हा हात आता फक्त पपांपाशी आहे.

या. पण त्यांना विचारायचं नाही. त्यांनी जे झाकून ठेवलंय ते तुम्हाला कळलं, हे त्यांना कळता कामा नये. मीच ते फोडलं, तुम्हाला लिहून. त्याचं मी काय करायचं ते माझं मी बघीन.

अजून रोज तेच वाक्य म्हणतात. डॉक्टरांनी आता औषधं कमी केली आहेत.

रोझेला


जोन्सबोरो
१२ एप्रिल

रोझेला,

शनिवारी २२ तारखेला बसने येतो. दुपारी दोनला हेजला पोचते.

विचारणार नाही.

वृद्धाश्रमाला मागचं दार आहे का? हसू नकोस. तिथे माझ्या वयाची माणसं असतील. कर्नल ग्रिगोर ड्रायलिंगला भेटायला आला, हे त्यांनी बघितलेलं अल्विनला चालणार नाही.

क्लिफ


हेज
१४ मे

क्लिफ,

पपा सहा मेला गेले, शनिवारी सकाळी. दहा तारखेला दफन झालं. लगेच कळवणार होते, पण काय लिहायचं ते सुचेना. तुम्हाला श्री. टिब्स यांनी कळवलं असेल.

तुम्ही गेल्यापासून तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा लावून बघते आहे. मी कपडे धुवायच्या खोलीचं मागचं दार उघडून ठेवलं होतं. पण नर्सने त्यांना खुर्चीत बसवून आधीच बाहेरच्या मोठ्या खोलीत आणलं होतं, आणि तुम्हाला तिथूनच यावं लागलं. मिसेस फानेनश्टील यांनी तुम्हाला ओळखलं. नव्वदीच्या आहेत, स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. ‘हा तो रशियन,’ म्हणाल्या, ‘याला मी सालायनातल्या कुस्तीत टोपीची पिन टोचली होती.’

तुम्ही म्हणालात, ‘डाव्या बाजूला, बाई. अजून दुखतं.’

तेव्हा पपांनी मान वर केली. ऑक्टोबरपासून ती मान छातीवर होती. ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, ‘हाकला याला इथून.’ इतका मोठा आवाज मी त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत, मूठ उगारलीत आणि म्हणालात, ‘अर्बूस.’ खोलीतले सात-आठ म्हातारे तुमची हुर्यो करायला लागले. नर्स धावत आली. तिला वाटलं खरंच मारामारी होतेय. मी तुम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि मागच्या दाराने त्यांच्या खोलीत आणलं.

मी खिडकीपाशी उभी होते. दार लावलेलं होतं. तुम्ही त्यांचा हात धरून वीस मिनिटं बसला होता. एकदा ते तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘गहू चांगला आलाय.’ तुम्ही म्हणालात, ‘मग बरं झालं.’ बस. तुम्ही निघालात तेव्हा बसला अजून दोन तास होते. मी थांबवलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, हे मी पाहिलं. पण हात धरलात, तेही पाहिलं.

मला वाटलं, त्यांच्या हातातली शक्ती गेली. बोटं तुमच्या तळव्यावर नुसती ठेवल्यासारखी होती. पण त्याच संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला, आणि माझी बोटं पांढरी पडली.

ते वाक्य मात्र त्यानंतर ते पुन्हा बोलले नाहीत. चौदा दिवस. एकदाही नाही.

डावा बूट मी त्यांच्या पायात घातला. झाकलेलं होतं, कोणाला दिसलं नाही.

तुम्हाला विचारायचं नाही असं मीच सांगितलं होतं. आता मी तुम्हाला विचारते. त्यांच्या हातात काय होतं?

रोझेला


जोन्सबोरो
२१ मे

रोझेला,

टिब्सने फोन केला होता. मी आलो होतो. बहिणीच्या मुलाने गाडीतून आणलं. दफनभूमीच्या पलीकडे, कोठाराच्या रस्त्यावर गाडी उभी केली होती. उतरलो नाही. मिसेस फानेनश्टीलना खुर्चीत बसवून आणलेलं लांबून दिसलं. अल्विनचं काम बिघडवायला नको होतं. फुलंही त्यासाठीच पाठवली नाहीत.

त्याचा हात हलका होता. ठीक आहे, चालू दे. त्या दिवशी रिंगमध्ये होता तसाच, अगदी तसाच.

खरं सांगत होता की मला सांभाळून घेत होता, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. वृद्धाश्रमातही कळलं नाही. आता या जन्मात कळायचं नाही. मी शहात्तर वर्षांचा आहे, त्यामुळे फार दिवस वाट बघावी लागणार नाही.

तू ते फोडलंस असं लिहिलं होतंस. ते मनातून काढून टाक. तू खिडकीपाशी होतीस, तुला एकाच्याच हाताचं दिसलं असेल. हाताने तोही मला विचारत होता. क्लिफ, तुझं ठीक ना? तुला काही लागलं नाही ना? मी घट्ट दाबला असता तर त्याला सगळं समजलं असतं.

मीही हलकाच ठेवला.

क्लिफ